फेरारी, पोर्शे आणि मामाचा ट्रॅक्टर

आपल्या हॉस्टेलमध्ये तीन विषयांवरची चर्चा कधीच संपत नाही. पहिला, मेसची भाजी. दुसरा, इंटर्नलचे मार्क कोणी कापले. आणि तिसरा, 'समज, तुझ्याकडे पाच कोटी आले, तर फेरारी घेशील, पोर्शे घेशील की लॅम्बोर्गिनी?' पहिल्या दोन विषयांवर लिहिलं तर संपादक मंडळ छापणार नाही, म्हणून तिसरा घेतो!

ही चर्चा मी दोन वर्षं ऐकतोय (आणि करतोयसुद्धा, खोटं कशाला बोलू). तिची एक ठरलेली पद्धत आहे. कुणीतरी हॉर्सपॉवर सांगतो. दुसरा शून्य ते शंभरला किती सेकंद लागतात ते सांगतो. तिसरा मोबाईलवर सायलेन्सरचा आवाज ऐकवतो, आणि मग रात्री एक वाजता वॉर्डन सर येतात. या सगळ्यात 'पण गाडी बंद पडली तर?' असं चुकून कुणी विचारलंच, तर त्याला 'साला मिडल क्लास' म्हणून गप्प करतात. आता बघा, कॉमर्सच्या मुलांनी असं केलं तर समजू शकतो. पण आपण इंजिनिअरिंगचे! हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी विचारायचा?

माझं मत सरळ आहे. गाडी निवडणं हा इंजिनिअरिंगचा आणि हिशोबाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्या हॉस्टेलपेक्षा माझ्या आजोळी, नरसी नामदेवला, जास्त डोकं लावून सोडवला जातो. कसा ते पुढे सांगतो. आधी फेरारी.

२००२ साली सचिनने डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. तीही सिल्व्हरस्टोनला, खुद्द मायकल शुमाकरच्या हातून. ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर. यापेक्षा भारी इमेज जगात दुसरी असूच शकत नाही. देणारा शुमाकर, घेणारा सचिन! पण गाडी भारतात आणायची म्हटल्यावर कस्टम ड्यूटी आडवी आली. १२० टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ती माफ केली. त्यावर देशभर आरडाओरडा झाला, प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, आणि शेवटी ती ड्यूटी कंपनीनेच भरली. ज्या माणसाला देशात कुणी नावं ठेवत नव्हतं, त्याला पहिल्यांदा नावं ठेवली गेली ती एका गाडीवरून, आणि ती गाडी त्याने मागितलीही नव्हती. २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकरांचा 'फेरारी की सवारी' आला. त्यात आरटीओतला एक साधा क्लार्क मुलाच्या क्रिकेटसाठी सचिनची फेरारी एक दिवस घेऊन जातो. तुम्ही पाहिला असेलच. मला त्या सिनेमात एक गोष्ट फार आवडते. त्या बिचाऱ्याला गाडी चालवण्यापेक्षा तिला ओरखडा पडू नये याचंच टेन्शन जास्त असतं.

थोडक्यात काय, फुकटची फेरारीसुद्धा स्वस्त पडत नाही.

आता जरा बॉनेट उघडू. (फेरारी ३६० चं इंजिन मागे असतं, पण वाक्य चांगलं आहे म्हणून राहू दे.) या गाडीत टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टला एका तालात ठेवणारा रबराचा पट्टा. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते. म्हणून तो दर काही वर्षांनी बदलायचाच, मग गाडी पन्नास हजार किलोमीटर पळवा नाहीतर चादर टाकून ठेवा. रबर उभ्या उभ्यासुद्धा म्हातारं होतं. याच्या आधीच्या एफ-३५५ मध्ये तर हा पट्टा बदलायला आख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं! ३६० मध्ये सीटच्या मागच्या झाकणातून हात घालता येतो, एवढी प्रगती. पुढे एफ-४३० मध्ये पट्ट्याच्या जागी चेन आली आणि ही कटकट मिटली. मला या गोष्टीची गंमत वाटते. शर्यती जिंकणाऱ्या कंपनीला 'पट्टा बदलणाऱ्या माणसाचा हात कुठून जाईल' हा विचार करायला इतकी वर्षं लागली!

पोर्शेवाले आता खूश झाले असतील. हो, ९११ ही यातली सगळ्यात रोज वापरण्यासारखी गाडी, हे मीही मानतो. १९६३ पासून तोच आकार, तेच मागच्या ॲक्सलच्या मागे बसवलेलं इंजिन. तो लेआउट खरं तर चुकीचा, पण साठ वर्षं एकच चूक सुधारत बसलं की तिचीही परंपरा होते. तरी पोर्शेलाही धक्के बसलेत. १९९० च्या दशकाच्या शेवटापासून २००५ च्या आसपासपर्यंतच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग होतं. ते गेलं की इंजिन गेलं. अमेरिकेत त्यावरून ग्राहक कोर्टात गेले. मुठीत मावणारं बेअरिंग आणि त्यापायी लाखोंचं इंजिन भंगारात. 'डिझाइन ऑफ मशीन एलिमेंट्स'ला बोअर म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आणि या सगळ्या चर्चेत ज्या गाडीचं नाव कुणीच घेत नाही ती म्हणजे होंडा एनएसएक्स. १९९० ची. पूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी, चाचणीला आयर्टन सेनासारखा ड्रायव्हर, आणि वर तिच्यात काहीच बिघडायचं नाही! मॅक्लारेन एफ-वन बनवणाऱ्या गॉर्डन मरीने तर हीच गाडी नमुना म्हणून समोर ठेवली होती. २००५ पर्यंत ती बनत राहिली, पण जगभरात मिळून विकली गेली फक्त सुमारे १८ हजार. कारण काय? बॉनेटवर होंडा लिहिलेलं. शेजाऱ्याच्या स्कूटरवरही होंडा आणि आपल्या स्पोर्ट्स कारवरही होंडा, हे कोण सहन करणार? विश्वासाला शंभर मार्क मिळवूनही इमेजमध्ये एटीकेटी.

मागच्या वर्षी परतवारी एकादशीला मी नरसीला होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीकाठी हे गाव आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून त्याला मान आहे, आणि पंढरपूरची आषाढी झाली की पुढच्या एकादशीला वारकरी इथे येतात. त्या दिवशी गावाबाहेरच्या रानात सगळ्या प्रकारच्या गाड्या दिसतात. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर-ट्रॉली, बुलेट, एखादी चकाचक एसयूव्ही. आणि आषाढातली काळी माती! ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. सिव्हिलवाल्यांना 'माँटमोरिलोनाइट' हा शब्द व्हायव्यापुरता पाठ असतो, पण तो काय चीज आहे ते बघायचं असेल तर तिथला रस्ता बघा. दोन-तीन पावसाळ्यांत डांबराला लाटा येतात. जमिनीपासून चार बोटं उंच असलेली स्पोर्ट्स कार तिथे पहिल्या स्पीड-ब्रेकरलाच टेकणार.

मी मामाला मोबाईलवर फेरारी दाखवली. किंमत सांगितली. तो हसला नाही की चकितही झाला नाही. त्याने सरळ विचारलं, "चिखलातून निघती का? पार्ट कुठं भेटतो? मिस्त्री कोण हाय तिचा? अन् इकायला काढली तर किती येतील?"

चार प्रश्न, बस्स! आमच्या हॉस्टेलने दोन वर्षांत विचारले नव्हते ते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलो, 'इमेज'ला मराठीत काय म्हणायचं ते मला सुचेना. प्रतिमा म्हटलं तर देवाची वाटते. मामा म्हणाला, "मिरवणं म्हण की." मग स्वतःच पुढे, "मिरवायला पैसा लागतो रे भाचेबुवा, अन् मिरवणूक एकच दिस असती."

मामा शहाणा आहे म्हणून आख्खं गाव तसंच आहे, असं मी म्हणणार नाही. मिरवणं नरसीतही आहे. चार एकरवाल्याच्या दारात पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर असतो, कारण सोयरिकीला आलेले पाहुणे आधी दाराकडे बघतात. वर्षातून मोजके दिवस स्वतःचं काम, उरलेले दिवस भाड्याने फिरवायचा, आणि भाडं नाही मिळालं की हप्ता थकतो. सोयाबीनचा भाव पडला की अजून थकतो. फेरारीवाल्याचं मिरवणं चुकलं तर त्याची एक गाडी जाते. इथे चुकलं तर एकर जातो. म्हणूनच बहुतेक लोक घेण्याआधी सहा महिने विचार करतात. मामाने तर तीन ट्रॅक्टर दुसऱ्यांच्या शेतात स्वतः चालवून पाहिले, हळदीच्या रानात पलटी नांगराला कोणता दम धरतो ते बघितलं, आणि शेवटी घेतला पस्तीस हॉर्सपॉवरचा. सगळ्यात देखणा नव्हता. पण त्याचा क्लच गावातला मिस्त्री एका दिवसात बसवतो, आणि पार्ट हिंगोलीत मिळतात. फेरारीच्या भाषेत सांगायचं तर, हात आत जायला जागा आहे.

क्लचवरून आठवलं. लॅम्बोर्गिनीप्रेमींनो, तुमचा देव मुळात ट्रॅक्टरवाला! फेरुचिओ लॅम्बोर्गिनीने दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या टाकाऊ सामानातून इटलीत ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली आणि त्यावर गडगंज पैसा कमावला. मग फेरारी घेतली. असं सांगतात की तिचा क्लच सारखा जायचा, त्याने खोलून बघितला तर साधारण त्याच्या ट्रॅक्टरसारखाच निघाला, तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला, आणि तिथे त्याला 'तू तुझे ट्रॅक्टर बघ' अशा अर्थाचं काहीतरी ऐकावं लागलं. किस्सा थोडा मीठ-मसाला लावलेला असेल, पण १९६३ मध्ये त्याने स्वतःची स्पोर्ट्स कार कंपनी काढली हे खरं. पुढचं मात्र पोस्टरवर कुणी लिहीत नाही. १९७० च्या दशकात त्याने दोन्ही धंदे विकले आणि द्राक्षाच्या मळ्यात जाऊन बसला. १९७८ मध्ये ती कार कंपनी दिवाळखोरीत निघाली, मग अनेक हात बदलत १९९८ मध्ये ऑडीकडे गेली. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर मात्र दुसऱ्या इटालियन कंपनीकडे जाऊनही बनतच राहिले. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा खूश झाला. "म्हणजे आपल्यातलाच की!"

आता खर्च. समजा चार कोटींची गाडी घेतली. आपल्याकडच्या रस्त्यांवर आणि पार्किंगच्या भीतीने ती वर्षाला फार तर दोन हजार किलोमीटर चालेल. वर्षाला दहा टक्के किंमत उतरली असं धरलं तर चाळीस लाख गेले. म्हणजे किलोमीटरला दोन हजार रुपये, पेट्रोल, टायर आणि विमा सोडून! आपल्या हॉस्टेलपासून स्टँडपर्यंत जाऊन आलं की एका सेमिस्टरची मेस संपली. ज्याचे स्वतःचे पैसे आहेत त्याने खुशाल घालवावेत. माझा त्याला विरोध नाही, जमलं तर एक राउंड मारायला मीही जाईन.

विरोध सुरू होतो तो दुसऱ्याच्या पैशापाशी. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) उद्योजक, डॉक्टर, बिल्डर अशा लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. ६५ कोटींचा सौदा! मराठवाडा मागासलेला नाही हे जगाला दाखवायचं, असा त्यामागचा सूर होता. मला सुरुवातीला हे वाचून भारी वाटलं होतं, उगाच नाही म्हणणार नाही. पण त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये त्याच सौद्याची दुसरी बाजू लिहिली. या गाड्यांना सरकारी बँकेने ७ टक्क्यांनी कर्ज दिलं होतं, आणि तेव्हा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी कर्ज मिळत होतं १२ टक्क्यांनी.

मी हा फरक कॅल्क्युलेटरवर काढून बघितला. समजा सात लाखांचा ट्रॅक्टर, सात वर्षांची मुदत, वर्षाला एक हप्ता. ७ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे १ लाख ३० हजार. १२ टक्क्यांनी येतो सुमारे १ लाख ५३ हजार. वर्षाला २३ हजारांचा फरक, सात वर्षांत १ लाख ६४ हजार. आमच्याकडे एवढ्यात रोटाव्हेटर येतो आणि वर पैसे उरतात.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. दीडशे गाड्यांचं काम एका झटक्यात, प्रत्येकाचे इन्कम टॅक्सचे कागद तयार, वसुलीची चिंता नाही. शेतकऱ्याचं उत्पन्न पावसावर, त्यामुळे जोखीम जास्त म्हणून व्याज जास्त. आमच्या 'इंडस्ट्रियल इकॉनॉमिक्स'च्या पेपरात हे उत्तर लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतील. कुणी म्हणेल, पीककर्जाला तर सरकार सवलत देतं. देतं, २००६-०७ पासून ७ टक्क्यांनी पीककर्ज द्यायची केंद्राची योजना आहे. पण ट्रॅक्टर पीककर्जात बसत नाही, ते मुदतीचं कर्ज. माझं म्हणणं एवढंच की शोरूममधून बाहेर पडल्या क्षणी जिची किंमत उतरते ती वस्तू, आणि दुसऱ्या दिवसापासून जी कमवायला लागते ती वस्तू, या दोन्हींत बँकेला पहिली जास्त भरवशाची वाटते, तेव्हा ती गाडीकडे बघतच नसते. ती माणसाची इमेज बघत असते. म्हणजे आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री एक वाजता जी चूक चालते, तीच सकाळी अकरा वाजता काउंटरच्या पलीकडे चालते. आणि तिचे २३ हजार कुणीतरी दरवर्षी भरतं.

खर्चाचा आणखी एक प्रकार आहे, त्यावर चेष्टा करता येत नाही. १९ मे २०२४ च्या रात्री पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शे टायकानने मोटारसायकलला उडवलं, त्यात दोन तरुण इंजिनिअर गेले. आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठे. त्या गाडीची नोंदणीची १,७५८ रुपये फी भरायची राहिली होती, म्हणून तिला कायमचा नंबरही नव्हता. कोट्यवधींची गाडी आणि १,७५८ रुपये बाकी. चर्चेत पोर्शेचं नाव निघालं की मला हल्ली आधी हा आकडा आठवतो.

तर माझ्याकडे पाच कोटी आले तर? (येणार नाहीत, पण प्रश्न टाळला असं नको.) मी ९११ घेईन, तीही जुनी, बेअरिंगचं काम झालेली, आणि पुण्या-मुंबईतच ठेवीन, जिथे मिस्त्री आहे. एनएसएक्स मिळाली तर तीच. फेरारी नाही आणि लॅम्बोर्गिनीही नाही. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर अनेक वर्षं शंभर टक्के मूळ ड्यूटी होती, म्हणजे एक गाडी आपल्याला आणि एक सरकारला. तेवढ्यात नरसीत काय काय होईल याची यादी मामाने करून दिली आहे, ती संपादकांनी कापली असती म्हणून देत नाही.

जाता जाता मेकॅनिकलच्या सरांना एक विनंती. दरवर्षी आपल्याकडे फायनल इयरला गो-कार्ट बनते, फोटो निघतात, आणि मग ती वर्कशॉपच्या मागे गंजत पडते. यंदा एका ग्रुपला दुसरं काम द्या ना सर. आपल्या भागात चालणारे चार-पाच ट्रॅक्टर घ्यायचे, कोणता पार्ट किती तासांनी जातो, कुठे मिळतो, किती दिवसांनी मिळतो, बसवायला किती वेळ लागतो, आणि पाच वर्षांनी किती किंमत येते हे मोजायचं. कंपनीच्या ब्रोशरमध्ये हे नसतं, पण घेणाऱ्याला हवं असतं तेच. मी नाव द्यायला तयार आहे. मामाशी बोलून ठेवलंय, गावातला मिस्त्री गिअरबॉक्स खोलून दाखवायला राजी आहे. फक्त सोयाबीनची पेरणी उरकू द्या, त्याआधी त्याला मान वर करायला वेळ नसतो.